काळी टेप लावलेलं पॅनेल

बोट नाशिकला आली नाही. आलं ते तिचं पॅनेल, गाडीच्या डिकीत, जुन्या चादरीत गुंडाळून. मे संपत आला होता. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे बोट पालघरकडच्या एका खाडीत किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेली. मालक मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, राहायला गंगापूर रोडला. आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणतो. २४ फुटी फायबरची बोट, आत एक डिझेल इंजिन, एक तांडेल (बोट चालवणारा), एक खलाशी. छंदाचा मामला आहे, पण रात्री समुद्रात जाण्याचा.

माझं काम नाशिकच्या अंबडला कंट्रोल पॅनेल बनवण्याचं. कारखान्यांची पॅनेलं. त्याआधी दहा वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. बोटीचं काम हे पहिलंच, आणि या प्रकरणात ज्या चुका झाल्या त्यातली एक सरळ त्या गाड्यांच्या सवयीतून आली. म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

पॅनेलवर सहा मीटर होते: आरपीएम, पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर, व्होल्ट, डिझेल आणि सुकाणूचा कोन. सहाच्या सहा काचांवर काळ्या इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या. टेपच्या मधून काट्यापुरती फट ठेवलेली. मी विचारलं, हे कोणी केलं? साहेब म्हणाले, "मीच. दुसरा इलाज नव्हता."

तक्रार

आदल्या वर्षी एका दुकानात त्यांनी मीटरचे जुने बल्ब काढून एलईडी बसवून घेतले. बॅटरी वाचेल, बल्ब सारखे जाणार नाहीत, दोन्ही खरं होतं. पण पॅनेलवरचा डिमरचा खटका त्या दिवसापासून नुसता फिरायचा. उजेड कमी होईना. रात्री डॅशबोर्ड दुकानाच्या शोकेससारखा झगमगत राहायचा आणि पुढचं काही दिसायचं नाही. एका रात्री जाळ्यावर थांबलेली छोटी होडी अगदी जवळ आल्यावर दिसली. तिच्यावर दिवा होता. मंद होता, पण होता. त्या रात्रीनंतर टेप आली.

ही होडी आधी का दिसली नाही, याचं उत्तर माझ्या मते सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत १२ मीटरपेक्षा लहान बोटीच्या लाल-हिरव्या बाजूच्या दिव्यांनी किमान १ सागरी मैलावरून दिसावं एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी लागणारी तीव्रता किती? ०.९ कँडेला. म्हणजे साधारण एका मेणबत्तीएवढी. १,८५२ मीटरवरची मेणबत्ती. ती बघायला डोळा पूर्ण अंधाराला सरावलेला हवा, आणि त्याच डोळ्यासमोर दीड हातावर सहा पांढरे एलईडी.

त्याच नियमांत विसाव्या नियमात असंही म्हटलं आहे की रात्री नेमून दिलेल्या दिव्यांखेरीज असा कुठलाही दिवा दाखवू नये ज्याने नीट टेहळणी करण्यात अडथळा येईल. साहेबांना हे पाठ होतं. मला ते त्यांच्याकडूनच कळलं.

खटका का चालेना

जुने बल्ब प्रत्येकी ३ वॅटचे. सहा मिळून १८ वॅट, १२ व्होल्टला दीड अँपिअर. म्हणजे सगळे बल्ब मिळून ८ ओहमचा भार. त्याच्या आधी २५ ओहमचा रियोस्टॅट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर. पूर्ण फिरवला की करंट पार खाली येतो आणि फिलामेंट जेमतेम तांबूस राहतं. इथे एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: फिलामेंटचा बल्ब मंद होताना आपोआप नारिंगी, लालसर होतो. रात्रीच्या डोळ्याला तो रंगच सोयीचा असतो. एलईडी कितीही मंद करा, पांढरा तो पांढराच.

आता एलईडी. प्रत्येकी २० मिलिअँपिअर, सहा मिळून १२०. आत तीन एलईडी ओळीने, त्यांनाच ९ व्होल्ट लागतात. १२ ची म्हणतात ती बॅटरी प्रत्यक्षात १३ च्या आसपास असते, त्यामुळे उरलेले ४ व्होल्ट आतल्या रेझिस्टरवर. बाहेरून २५ ओहम घातले तर करंट १२० वरून ७० च्या आसपास येतो. उजेड निम्म्याच्या थोडा वर राहिला. पण डोळा निम्मा उजेड निम्मा समजत नाही. ५० टक्के उजेड डोळ्याला पाऊण भासतो, १० टक्के उजेड एक तृतीयांशाहून किंचित जास्त. त्यामुळे खटका शेवटपर्यंत फिरवूनही माणूस म्हणणार, काहीच झालं नाही.

इथपर्यंत सोपं होतं. मी साहेबांकडे आठवड्याची मुदत मागितली. लागले अडीच महिने.

पहिला उपाय, जो टेबलावरच मेला

आधी व्होल्टेज कमी करून पाहिलं. एलएम ३१७ हा व्होल्टेज ठरवून देणारा स्वस्त रेग्युलेटर, एक पॉट (फिरवायचा छोटा रेझिस्टर), दोन कपॅसिटर. उजेड छान उतरला. पण दुकानदाराने सहा मीटरमध्ये दोन वेगवेगळ्या बनावटीचे एलईडी घातले होते. चारांत तीन-तीन चिप ओळीने, दोनांत एकच चिप आणि मोठा रेझिस्टर. व्होल्टेज ८ च्या खाली गेलं की चार मीटर काळे आणि दोन ठळक. ऑइल प्रेशर दिसतंय, तापमान गायब. असं पॅनेल मी कोणाला दिलं नसतं.

दुसरा उपाय, जो मी अभिमानाने पाठवला

एम. जी. रोडवरून एलईडी पट्टीचा तयार डिमर आणला. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. हा व्होल्टेज कमी करत नाही, पुरवठा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ जितका कमी, तितका उजेड कमी. सगळे एलईडी पूर्ण करंटवरच पेटतात, फक्त थोडा थोडा वेळ. त्यामुळे दोन बनावटींमधला फरक आहे तेवढाच राहतो, वाढत नाही. टेबलावर सहाच्या सहा मीटर एकसारखे उतरले. टेप सोलली, काचा पुसल्या, पॅनेल परत पाठवलं. तांडेलाने ताडपत्रीखाली बसून ते जोडलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "दादा, काटं नाचतात."

डिमर फिरवला की डिझेलचा काटा थरथरत खाली यायचा, तापमानाचा कुठेही जायचा. दिवे पूर्ण बंद केले तरी दोन मीटर किंचित लुकलुकत राहायचे. आणि रेडिओ चालू केला की खरखर. १६ व्या चॅनेलवर, जिथे मदतीची हाक येते, तिथेच. रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे एरवी खरखर दाबून धरणारी सोय, उघडाच राहायचा.

मी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत पावसातून खाली उतरलो. घाटात धुकं इतकं की गाडीचे दिवे लावून काही उपयोग नाही, समोर पांढरी भिंत. रात्री उजेड जास्त झाला की दिसायचं कसं कमी होतं याचा धडा वाटेतच मिळाला, पण तेव्हा माझं लक्ष काट्यांकडे होतं.

चूक माझी होती आणि ती अशी. हे तयार डिमर प्लस तसाच पुढे सोडतात आणि निगेटिव्ह तोडतात-जोडतात, कारण तसा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) स्वस्त पडतो. मीटरमध्ये मात्र दिव्याचा निगेटिव्ह आणि मीटरचा स्वतःचा निगेटिव्ह एकाच स्टडवर, म्हणजे मागच्या वायर बांधायच्या बोल्टवर. मी डिमर त्या स्टडच्या वायरमध्ये घातला होता. म्हणजे मीटरचीही जमीन सेकंदाला शेकडो वेळा पायाखालून काढून घेत होतो. सेंडर, म्हणजे प्रत्यक्ष मोजणारा भाग, मात्र इंजिनवर किंवा टाकीत बसलेला, त्याचा निगेटिव्ह मीटरकडे न येता सरळ बॅटरीला. मीटरची एक बाजू हलते, दुसरी स्थिर. काटा दुसरं काय करणार? आणि दिवे पूर्ण बंद का होत नव्हते? दिव्याला निगेटिव्ह मिळेना, तेव्हा करंट मीटरच्या कॉइलमधून सेंडरकडे, तिथून इंजिनला, असा चोरवाटेने जात होता.

टेबलावर हे का दिसलं नाही? कारण टेबलावर इंजिन नव्हतं. मी नुसते दिवे पेटवून पाहिले. गाडीत सवय असते: पत्रा म्हणजेच अर्थिंग, कुठेही स्क्रू मारा. फायबरच्या बोटीत पत्राच नाही. प्रत्येक निगेटिव्ह वायरने परत न्यावा लागतो आणि कोणाचा निगेटिव्ह कोणाबरोबर परत जातो हे हाताने माग काढूनच कळतं. परत आल्यावर पहिलं काम केलं ते खोटं इंजिन बनवण्याचं. लोखंडी पट्टी, त्यावर रेझिस्टर. डिझेलचा सेंडर युरोपियन पद्धतीचा असेल तर १० ते १८० ओहम, अमेरिकन असेल तर उलटा, २४० ते ३३. हा युरोपियन निघाला. पट्टीचा एक टोक बॅटरीला जोडला आणि काटे माझ्या टेबलावरही नाचू लागले. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

ओझरच्या काकांची सूचना

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, ओझरच्या एचएएलमधून निवृत्त. हा विमानांचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला. संध्याकाळी कट्ट्यावर मी हे सगळं सांगत बसलो होतो. ते म्हणाले, "आधी सगळे मीटर आपसात सारखे कर. मग सगळ्यांना मिळून मंद कर. तू उलटं करतोयस."

म्हणजे प्रत्येक दिव्याला वेगळा रेझिस्टर घालून आधी सहाही मीटर डोळ्याला समान करायचे आणि त्यानंतर एकच डिमर. दुसरं त्यांनी असं विचारलं की तुझ्या डिमरचा वरचा टोक तू बघतोयस की खालचा? दिवसा तर दिवे लागतच नाहीत. मग पूर्ण उजेड हवाय कोणाला?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. २० मिलिअँपिअरचा एलईडी मी कसा कमी करू याची मारामारी करत होतो, पण त्याला २० द्यायचेच कशाला? चार मीटरना ४.७ किलोओहम, उरलेल्या दोनांना १० किलोओहम, असं कमी-जास्त करत समतोल आणला. करंट एकदम एका मिलिअँपिअरच्या आसपास आला, वीस हिश्श्यांपैकी एक. त्यावर डिमर २ टक्क्यांपर्यंत उतरतो. दोन्ही मिळून मूळ उजेडाचा हजारावा भाग.

डिमर या खेपेला स्वतः बांधला. ५५५ टायमर (ठोके देणारी चिप), दोन डायोड, एक पॉट, सेकंदाला ४०० ठोके. याहून कमी ठेवले तर बोट हलताना नजर फिरली की आकड्यांचे ठिपके ठिपके दिसतात. तोडायचा तो प्लस, पी-चॅनेल मॉस्फेटने. निगेटिव्हला हात लावायचा नाही. मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, मुद्दाम मोठा रेझिस्टर घातला, म्हणजे तो झटक्यात चालू-बंद न होता सावकाश होतो. ती झटक्याची धारच लांब वायरींना अँटेना बनवून रेडिओत खरखर घालत होती. सावकाश स्विच केलं की मॉस्फेट तापतो म्हणतात, पण सहा दिव्यांचा मिळून भारच इतका किरकोळ होता की तापायला काही उरलंच नव्हतं. वायरी टिनच्या मुलाम्याच्या, प्लस-निगेटिव्ह पिळून एकत्र. हे होकायंत्रासाठीही, वायरीतल्या करंटच्या चुंबकत्वाने ते ढळू नये म्हणून. जुन्या बल्बांचा दीड अँपिअर त्याच्या मागूनच जात होता.

शेडमधला अंधार

शनिवारी रात्री शेड बंद केलं, पोरांना घरी पाठवलं, मेन पाडला. साहेब आणि मी खुर्च्या टाकून अर्धा तास नुसते बसलो. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी पाच-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात, कधी जास्तच. त्यांच्यातलं रंगद्रव्य जीवनसत्त्व अ पासून बनतं आणि प्रखर उजेडात मोडतं. पुन्हा साठायला वेळ लागतो. घड्याळ बघायला मोबाइल उघडला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. मी तो एकदा उघडला. साहेबांनी काही न बोलता आणखी अर्धा तास बसवलं.

शेडच्या टोकाला बिस्किटाचा रिकामा डबा ठेवला होता. आत एक मंद एलईडी, पुढे ट्रेसिंग पेपर, डब्याला सुईने पाडलेलं भोक. मोजमापाचा दावा नाही, पण जेमतेम दिसणारा एक ठिपका मिळाला. मग पॅनेल चालू करून ठिपका कधी हरवतो ते बघायचं.

ठिपका लवकरच हरवला. डिमर खाली आणला, तरी हरवलेलाच. इथे मी हात टेकले होते. साहेबांनी पॅनेलच्या वर काच तिरपी धरायला सांगितली, बोटीच्या पुढच्या काचेसारखी. मी काच धरली आणि तिच्यात सहा मीटर लख्ख उभे राहिले. बोटीवरचं पॅनेल जवळपास आडवं आहे. मीटर थेट डोळ्यात कमी आणि समोरच्या काचेवर जास्त पडतात. माणूस समुद्राकडे बघतो ते या प्रतिबिंबांमधून. दोन इंच बाहेर आलेला काळा छज्जा पॅनेलच्या वरच्या कडेला लावला, अ‍ॅक्रिलिकचा, मॅट रंगाचा. प्रतिबिंब गेलं आणि ठिपका परत आला. खरं सांगायचं तर सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सने मिळून जेवढं केलं तेवढं या छज्जाने एकट्याने केलं असेल. जूनमध्ये बोटीवर गेलो होतो तेव्हा काच समोरच होती, पण दिवसा.

लाल की पांढरा

साहेबांना लाल दिवे हवे होते. जहाजावर आयुष्य गेलं, ब्रिजवर लाल बघायची सवय. दंडपेशींना गडद लाल जवळपास दिसतच नाही, त्यामुळे लाल उजेडात आकडे वाचता येतात आणि अंधाराचा सराव मोडत नाही. तत्त्व पक्कं आहे.

पण मी एका मीटरमध्ये लाल एलईडी घालून दाखवला. तापमानाच्या मीटरवर धोक्याचा पट्टा लाल रंगाचा, आकडे पांढरे. लाल उजेडात दोन्ही सारखेच दिसतात. पट्टा कुठे सुरू होतो कळेना. नकाशाचंही तसंच: सागरी नकाशात दिव्यांच्या खुणा किरमिजी रंगात छापतात, लाल बॅटरीखाली त्या कागदात विरून जातात. पुष्कळ विमानांत आधी लाल दिवे असायचे आणि पुढे मंद पांढऱ्याकडे वळले, हे काकांनीही सांगितलं. पांढरा चालतो, पण तो खरोखर मंद असला तरच. प्रखर लाल दिवा मंद पांढऱ्यापेक्षा वाईट.

शेवटी तडजोड झाली. मीटर पांढरे, होकायंत्र लाल. तिथे वाचायचे ते आकडेच.

पोळ्याची अमावस्या

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. मी पोळ्याच्या अमावस्येला पोचलो, मुद्दाम. खाडीच्या तोंडाबाहेर आल्यावर तांडेलाने इंजिन हळू केलं. त्याने डिमर अगदी तळाला आणला, इतका की मला डिझेलचा काटा दिसेना. "दिसतो, शेठ. पाच मिनिटं थांबा." थांबलो. दिसू लागला.

मग तो म्हणाला, लांबचा दिवा शोधायचा तर त्याच्याकडे थेट बघू नका, त्याच्या जरा बाजूला बघा. मला वाटलं काही तरी समजूत असेल. पण डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच, त्या बाजूला असतात. जे मी वाचून जमवलं होतं ते त्याला बापाने होडीत बसवून शिकवलेलं.

त्याची एक तक्रार निघाली आणि ती रास्त होती. अंधारात कोपर लागून खटका वर फिरला की सगळे मीटर एकदम उजळतात आणि अर्धा तास वाया. मी तिथल्या तिथे खटका काढून त्याखाली रबराची जाड वॉशर घातली. आता तो फिरवायला जोर लागतो. कायमचा उपाय म्हणून पुढच्या पॅनेलमध्ये दाबून फिरवायचा खटका घेईन.

काटे स्थिर होते. १६ व्या चॅनेलवर शांतता. होकायंत्राजवळ दिवे चालू-बंद करून पाहिले, तबकडी हलली नाही.

एकच गोष्ट माझ्या हाताबाहेरची राहिली. रेडिओचा स्वतःचा डिस्प्ले. त्याचा उजेड मेनूतून कमी होतो, पण बंद करून चालू केला की पुन्हा पूर्ण. परतताना बघितलं, साहेबांनी त्यावर काळ्या टेपची एक पट्टी लावली होती, मधे चॅनेलच्या आकड्यापुरती फट ठेवून.